खत घालूनही कैऱ्या गळतात, पानं पिवळी पडतात: वसंतातल्या तपासणीचा क्रम

गोव्यातल्या आपल्या भाटात (बागायतीत) किंवा घरामागच्या परसात यातलं काय काय दिसतंय ते आधी बघून घ्या.

• मानकुराद आंबा भरभरून मोहरला, वाटाण्याएवढ्या कैऱ्याही धरल्या, आणि शिगमो (होळीचा सण) येता येता झाडाखाली त्यांचा सडा पडला.
• ज्या फांदीला कैऱ्या आहेत तिच्याच शेंड्याला तांबूस, लोंबती पालवी फुटलीय.
• खालची जुनी पानं पिवळी पडलीत. किंवा पान हिरवं आहे, पण कडा करपल्यात.
• लिंबाची नवी पानं पिवळट, शिरा मात्र हिरव्या.
• काजूचा मोहर आणि कोवळे शेंडे काळे पडून वाळलेत.
• माडाखाली रोज सकाळी कोवळी बोंडं पडलेली.
• खत दिल्यावर आठ-दहा दिवसांत पानांची टोकं जळाली.

सगळं एकाच झाडावर दिसणार नाही. पण यावर लोक करतात ते एकच: गोणी आणतात. "झाडाक भूक लागल्या रे, कितें तरी घाल," असं आजी ओसरीवरून सांगते आणि नातू मूठमूठ युरिया बुंध्यात टाकून मोकळा होतो. मी कलमं बांधतो आणि लोकांच्या बागा राखतो. फेब्रुवारी ते एप्रिल मला बोलावणी येतात ती बहुतेक याच तक्रारीची. आणि बहुतेक ठिकाणी झाड उपाशी नसतं. ते तहानलेलं असतं, किंवा जमिनीत आहे ते त्याला उचलता येत नसतं, किंवा किडीने त्याला गाठलेलं असतं. अशा झाडाला आणखी खत घातलं की तक्रार वाढते.

म्हणून खाली दिलेल्या क्रमानेच तपासा. पहिल्या पाच गोष्टींना पैसा लागत नाही, आणि निम्म्याहून जास्त झाडांचं उत्तर तिथेच सापडतं.

१. आधी कॅलेंडर

खत कधी घातलं आणि झाड तेव्हा काय करत होतं, हे दोन प्रश्न. "वसंतात फळझाडांना खत द्यावं" हा सल्ला खरा आहे, पण तो सफरचंद, नासपती यांच्या मुलखातला. तिथे झाड हिवाळाभर झोपतं, वसंतात डोळे फुटतात, म्हणून डोळे फुटायच्या आधी खत. आपल्याकडे झाडाचं वर्ष पावसावर चालतं. आंबा आणि काजू साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी मोहरतात, आणि वसंत येईपर्यंत ती फळ वाढवण्याच्या कामाला लागलेली असतात.

या वेळी आंब्याला युरिया आणि वर भरपूर पाणी मिळालं तर झाड पालवी काढतं. कोवळी पालवी काही दिवस स्वतः अन्न तयार करत नाही, फांदीतलंच ओढून घेते. त्याच फांदीवरची वाटाण्याएवढी कैरी या ओढाताणीत हरते. कैऱ्यांच्या जोडीला तांबूस पालवी दिसली आणि महिन्याभरात नत्र (युरियातला नायट्रोजन) घातलेलं असेल, तर कारण मिळालं. उपाय एवढाच, की यापुढे नत्र बंद. घातलेलं काढता येत नाही. युरिया नुकताच टाकलेला असेल आणि वर पांढरे दाणे दिसत असतील, तर वरची माती खरवडून बाजूच्या गवतावर पसरा.

याच्या उलट बाजूचंही सांगतो. तीन-चार वर्षांचं, अजून फळावर न आलेलं कलम असेल आणि पाण्याची सोय असेल, तर वसंतात त्याला थोडं थोडं खत चालतं. तिथे पालवीच हवी असते. ही तक्रार मोठ्या, फळावरच्या झाडांची आहे.

तारीख बघताना मागचं वर्षही आठवा. मानकुराद मुळातच लहरी. एक वर्ष लगडला की पुढच्या वर्षी कमी धरणं हा त्याचा स्वभाव. गेल्या मे महिन्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून उरतील एवढे आंबे उतरवले असतील, तर यंदाची ओढ खताने भरून निघणार नाही.

२. पडलेली कैरी कापा

ब्लेड किंवा धारदार सुरी घ्या आणि सकाळी पडलेल्या ताज्या कैऱ्या ओंजळभर उचला. उन्हात सुकलेल्या नकोत, त्यांत काही कळत नाही. प्रत्येक कैरी उभी चिरा.

आत मधोमध कोय धरू लागलेली असते. ती पांढरी, टवटवीत असेल आणि सालीवर काही नसेल, तर कैरी निरोगी होती, झाडाने ती सोडली. कारण बहुधा पाणी, पालवी किंवा नुसती गर्दी. कोय तपकिरी, सुरकुतलेली असेल तर परागीकरण नीट झालं नव्हतं. मोहराच्या वेळी ढगाळ हवा, धुकं, किंवा भर फुलोऱ्यात कीटकनाशक मारून माश्या पळवलेल्या, अशी कारणं असतात. याला आता कुठलंच खत चालणार नाही. तिसरा प्रकार म्हणजे सालीवर बारीक भोक, आत काळपट चुरा किंवा अळी. आणि चौथा, देठ काळा पडलेला, कैरीवर पांढरी भुकटी, खालची पानं चिकट: भुरी आणि तुडतुडे.

तिसऱ्या-चौथ्या प्रकारच्या कैऱ्या जास्त निघाल्या तर पुढचं वाचणं तूर्त सोडा. हा किडीचा आणि रोगाचा प्रश्न आहे. पडलेल्या कैऱ्या गोळा करून खोल पुरा आणि कृषी कार्यालयात विचारा.

एक लक्षात असू द्या: आंब्याच्या मोहरातल्या फळ धरू शकणाऱ्या शंभर फुलांतून एकसुद्धा आंबा पिकेपर्यंत टिकत नाही. गळ होणारच. एका घोसावर वाटाण्याएवढ्या पंधरा-वीस कैऱ्या होत्या आणि आता एक-दोन राहिल्या, तर ती गळ नैसर्गिक आहे. घोसच्या घोस रिकामे झाले तर मात्र काळजी.

काजूचंही इथेच उरकतो. मोहर आणि शेंडे काळे पडून वाळत असतील तर तो बहुतेक ढेकण्या. कोवळ्या दांड्यावर लांबट काळे चट्टे आणि त्यांतून पाझरलेला डिंक दिसतो. नत्राने फुटलेली लुसलुशीत पालवी त्याला फारच आवडते, त्यामुळे खत घालणं म्हणजे त्याला पंगतीचं आमंत्रण.

३. पान कुठलं पिवळं आहे?

नुसतं "पानं पिवळी" म्हणून भागत नाही. जुनं पान की नवं, हे बघा.

नत्र, पालाश (पोटॅश) आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकतं. म्हणून यांची कमतरता आधी जुन्या पानांवर दिसते. पान सगळं सारखं फिकट झालं तर नत्र. कडा आणि टोक करपून मध्य हिरवा राहिला तर पालाश. लिंबू-मोसंबीच्या जुन्या पानात देठाकडे हिरवा त्रिकोण राहून बाकी पान पिवळं झालं तर मॅग्नेशियम. माडात खालच्या झावळ्यांची उन्हाकडची पाती पिवळी आणि सावलीतली हिरवी, हेही मॅग्नेशियमचंच लक्षण.

लोह आणि जस्त झाडाला असं हलवता येत नाही, म्हणून ती कमतरता नव्या पानांवर येते. शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी, तर लोह; पान लहान, अरुंद, ठिपक्याठिपक्यांचं, तर जस्त.

इथे गंमत अशी की आपली जांभ्याची माती लाल असते ती लोहामुळेच. तिच्यात लोहाचा तुटवडा कसा? मी अशा लिंबाच्या बुंध्यात पिकासाने थोडं उकरतो तेव्हा बरेचदा जुन्या बांधकामाचा मलबा निघतो: सिमेंटचे गोळे, गिलाव्याचे तुकडे, चुना. त्याने तेवढ्या जागेचा सामू (पीएच) वर जातो आणि मातीत असलेलं लोह मुळांना घेता येत नाही. कधी घरातली राख वर्षानुवर्षं त्याच आळ्यात पडत असते, तिचाही परिणाम तोच. कधी मोरीचं पाणी तिथे साचतं आणि मुळंच गुदमरतात. मलबा काढा, राखेची जागा बदला, पाण्याला वाट द्या. लोहाची पुडी आणायची वेळ बहुतेकदा येत नाही.

आणि फणसाची, आंब्याची चार जुनी पानं पिवळी होऊन गळत असतील आणि शेंडे तजेलदार असतील, तर ती वयाने गळताहेत. त्यांना गळू द्या.

४. माती हातात घ्या

खोडापासून फांद्यांच्या पसाऱ्याच्या कडेपर्यंतच्या अंतरात, कडेपासून थोडं आत, वीतभर खोल खड्डा खणा. तळाची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाने हलकेच फुटला तर ओल ठीक आहे. भुकटी होऊन बोटांतून निसटली तर झाड तहानलेलं आहे. ही तपासणी लोक सगळ्यांत जास्त टाळतात, कारण वरून रोज पाइप लावलेला असतो आणि माती ओली दिसते. पाइपचं पाणी दोन-तीन इंच भिजवतं आणि दुपारपर्यंत उडून जातं.

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. जांभ्याची माती पाणी झटकन खाली सोडते. मार्चमध्ये उतारावरच्या भाटात वीतभर खाली ओल नसते. आणि झाड खत खातं ते पाण्यात विरघळलेलंच. कोरड्या मातीत टाकलेलं खत तसंच पडून राहतं. युरिया उघड्यावर, तापलेल्या जमिनीवर टाकला तर त्यातलं बरंचसं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं, आणि उरलेलं थोड्याशा ओलीत इतकं दाट होतं की मुळं भाजतात. पानांची टोकं जळाल्याची तक्रार येते ती यातूनच.

फळावरच्या मोठ्या आंब्याला पाणी द्यायचं तर कैरी वाटाण्याएवढी झाल्यावर सुरू करा. दर पंधरा दिवसांनी एका वेळी दीडशे ते दोनशे लिटर, असं तीन वेळा. पाणी बुंध्यात ओतायचं नाही. पसाऱ्याच्या कडेच्या आत गोल आळं करून त्यात सावकाश सोडायचं. काढणीच्या आधी तीन-चार आठवडे बंद. मोहर येण्याआधी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मोठ्या आंब्याला पाणी देऊच नका. त्या वेळच्या ताणावर मोहर ठरतो.

पाण्याइतकंच महत्त्वाचं आच्छादन. आपल्याकडे सकाळी अंगण झाडलं की सुका पाला एका कोपऱ्यात लोटून काडी लावतात. ही सवय मला सोडवता सोडवत नाही लोकांची. तोच पाला आळ्यात चार बोटं जाड पसरा, खोडापासून वीतभर मोकळी जागा ठेवून. ओल टिकते, मुळं थंड राहतात, आणि पावसात तोच कुजून खत होतो. कुळागरात पोफळीखाली सोपटं आणि झावळ्या पडून राहतात, तिथे मला पिवळ्या पानांची तक्रार क्वचितच ऐकू येते. वाळवी लागेल अशी भीती घालतात; म्हणूनच खोडाशी जागा मोकळी ठेवायची.

५. बुंध्याभोवती काय झालं?

हे गेल्या काही वर्षांत फार वाढलंय. घर नवं होतं, अंगणात पेव्हर बसतात, जुना मानकुराद "ठेवायचा" म्हणून ठेवतात आणि खोडाला खेटून फरशी घालतात. किंवा जागा सपाट करायला लाल माती आणून खोडाभोवती दोन-दोन फूट भरतात. किंवा कुंपणाच्या भिंतीसाठी जेसीबीने एका बाजूची मुळं तोडून टाकतात.

मुळांना हवा लागते. वर दोन फूट माती पडली की अन्न घेणारी बारीक मुळं गुदमरतात, आणि झाड लगेच नाही, दोन-तीन वर्षांनी वाळायला लागतं. तोवर मालकाला भरावाची आठवणही राहिलेली नसते. बार्देशात अशाच एका घरी खोड जमिनीत सरळ खांबासारखं शिरलेलं होतं. झाडाचं खोड जमिनीपाशी रुंद होत जातं; ते रुंद होणं दिसत नसेल तर समजा बुंधा पुरलाय. तिथे खुरप्याने हळूहळू भराव उकरत गेलो तर कोपरभर खाली साल ओली, मऊ आणि काळी पडलेली निघाली. बोटाने दाबली तर पाणी सुटत होतं. वरून मात्र त्या घरच्या वहिनी नेमाने खत घालत होत्या.

भराव हाताने काढा, बुंधा उघडा करा, खोडाभोवती निदान पाच-सहा फुटांतले पेव्हर उचला. साल घेरभर कुजलेली असेल तर पुढे स्वतः काही करू नका, खालचा "कुठे थांबायचं" हा भाग वाचा.

६. गोणीत काय होतं?

रिकामी पिशवी शोधून काढा आणि त्यावरचे आकडे वाचा.

युरियात ४६ टक्के नत्र, बाकी काही नाही. पालाश हवं असलेल्या झाडाला तो घातला तर पालवी वाढते, कडा करपायच्या राहत नाहीत. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद (फॉस्फरस), पण आपल्या आंबट, म्हणजे आम्ल मातीतलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम ते पकडून ठेवतात. वर पसरलेलं स्फुरद मुळांपर्यंत जातच नाही. म्हणून ते चरात, शेणखतात मिसळून द्यायचं. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असतं. माडाला ते चालतं, हवंही असतं. आंबा क्लोराइडने करपतो, त्याला सल्फेट ऑफ पोटॅश बरं.

यातूनच मिठाचा घोळ होतो. माडाच्या बुंध्यात मीठ घालायची पद्धत किनाऱ्यावर जुनी आहे. ती बघून कोणीतरी आंब्याला, चिकूला, लिंबाला मीठ घालतं. घालू नका. खारवलेल्या मासळीचे उरलेसुरले तुकडेही नकोत. तारल्यांचं खत माडाला चांगलं, पण पावसाच्या तोंडावर आणि मातीआड. मार्चमध्ये उघड्यावर टाकलं तर नुसता वास येतो आणि रात्री कुत्री आळं उकरतात.

ताजं शेण आणि ताजं कोंबडीखत दोन्ही कुजताना तापतात. कोंबडीखत नत्राने तेज. एकदा पूर्ण कुजवून, गार करून मगच वापरा. राख ही पालाशची फुकटची सोय आहे, पण युरिया आणि राख एकत्र करू नका, नत्र उडून जातं. चुन्याचंही तसंच.

७. विहिरीचं पाणी

खाडीकाठी, खाजनाला (खाडीलगतच्या बांध घातलेल्या जमिनीला) लागून किंवा समुद्रापासून जवळ राहणाऱ्यांनीच हे वाचावं. एप्रिल-मेमध्ये विहिरीची पातळी खाली जाते आणि पाणी मचूळ लागायला लागतं. असं पाणी दिलेल्या आंब्याच्या पानांची टोकं आणि कडा करपतात, हुबेहूब पालाशच्या कमतरतेसारख्या. दोन्हींतला फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अवघड आहे. मलाही पाणी चाखल्याशिवाय सांगता येत नाही. चूळ भरून बघा. खारट लागत असेल तर माती परीक्षणाला देताना बाटलीभर पाणीही द्या, आणि तोवर ते झाडांना घालणं थांबवा. माड सहन करील, चिकूही बराच. आंबा आणि लिंबू करणार नाहीत.

८. माती परीक्षण

इथून थोडा खर्च आणि थोडा वेळ. पण वरचं सगळं तपासून झालं असेल तर गोणी घेण्याआधी हे कराच. नमुना देण्यासाठी तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात जा. तिथे नमुना कसा आणि कुठे पोचवायचा ते सांगतात. जुन्या गोव्यात एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथेही विचारता येतं.

नमुना नीट घेतला नाही तर अहवाल फुकट जातो. वरचा पाला बाजूला करा. आंब्यासारख्या झाडाखाली पाच-सहा ठिकाणी, पसाऱ्याच्या कडेच्या आत, फूटभर खोल खड्डा करून त्याच्या भिंतीची वरपासून खालपर्यंतची एक पट्टी तासून घ्या. सगळी माती एकत्र मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. खत घातल्यावर लगेच नमुना घेऊ नका, आणि खताच्या रिकाम्या पिशवीत तर भरूच नका. तिला चिकटलेले चार दाणेही आकडे बिघडवतात.

अहवालात आधी सामू बघा. साडेपाचाच्या खाली असेल तर घातलेल्या स्फुरदाचा मोठा भाग अडकून पडतोय. अशा जमिनीला चुना किंवा डोलोमाइट लागतं. डोलोमाइटमधून मॅग्नेशियमही मिळतं. किती घालायचं ते अहवालावरूनच ठरवा, आणि खताच्या आधी निदान दोन-तीन आठवडे द्या.

९. पानांवरची फवारणी

जमिनीतून नत्र नको म्हटल्यावर लोक विचारतात, मग आता काहीच करायचं नाही का? एक गोष्ट करता येते. कैऱ्या वाटाण्याएवढ्या, गोटीएवढ्या आणि अंड्याएवढ्या झाल्यावर पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १३:०:४५, एका लिटरला दहा ग्रॅम या प्रमाणात पानांवर आणि फळांवर फवारायचं. कोकणात ही शिफारस जुनी आहे आणि ओल नीट असलेल्या झाडावर तिचा उपयोग दिसतो. तहानलेल्या झाडावर दिसत नाही. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर मारा. दुपारी मारलं तर पानांवर डाग पडतात. "जास्त घातलं तर जास्त फळ" असं समजून वीस ग्रॅम करू नका.

गळ थांबवायची संजीवकं दुकानात मिळतात. त्यांचं प्रमाण लाखात दोन भाग इतकं बारीक असतं, आणि चुकून वाढलं तर तीच संजीवकं फळ गाळतात. मोजायचं साधन नसेल तर हात लावू नका. बोरॉनचंही तेच: कमी आणि विषारी यांच्यातलं अंतर फार थोडं.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

खोडाला भोकं आणि त्यांतून भुसा पडतोय, किंवा काजूच्या बुंध्यातून डिंक आणि भुसा एकत्र येतोय: खोड पोखरणारी अळी. काजूत तर उशीर झाला की झाडच जातं. कृषी कार्यालयातला माणूस किंवा अनुभवी बागकामगार त्याच आठवड्यात बोलवा.

माडाचा मधला कोंब पिवळा पडून सहज उपटून येतोय, किंवा खोडाला कान लावल्यावर आत कुरतडल्याचा आवाज येतोय: खताचा विषय सोडा. कोंब कुजणं किंवा लाल सोंड्या भुंगा. पाडेली वर चढवण्याआधीही विचारा, कारण पोखरलेला माड चढणाऱ्याला धोक्याचा असतो.

फांद्या शेंड्याकडून मागे मागे वाळत येताहेत, किंवा बुंध्याची साल घेरभर कुजलीय.

गेल्या दोन-तीन वर्षांत झाडाला मोहर लवकर आणण्याचं औषध जमिनीतून दिलेलं आहे, आणि आता पालवी आखूड, गुच्छासारखी येतेय. बाग कराराने दिलेली असेल तर ठेकेदाराला स्पष्ट विचारा काय आणि किती घातलं होतं, आणि ती माहिती घेऊनच तज्ज्ञाकडे जा.

झाड घरापेक्षा उंच आहे आणि फवारणी करायचीय, किंवा फांद्यांतून विजेची तार जाते. शिडी लावून पंप पाठीवर घेऊन चढू नका. आणि झाड तोडायचीच वेळ आली तर गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते. झाड आपल्या भाटातलं असलं तरी.

मग खत घालायचं कधी?

मृगाचे पहिले दोन-चार पाऊस पडून जमीन वीतभर भिजली की. आंबे उतरलेले असतात, झाड नव्या पालवीच्या तयारीत असतं. ती पालवी पावसात वाढते, चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) पिकते आणि तिच्यावर डिसेंबर-जानेवारीत मोहर येतो. जूनचं खत म्हणजे पुढच्या मोहराचं खत.

दहा वर्षांवरच्या आंब्याला साधारण पन्नास किलो कुजलेलं शेणखत, दीड किलो नत्र आणि अर्धा किलो स्फुरद लागतं. म्हणजे सव्वातीन किलोच्या आसपास युरिया आणि तीन किलो सिंगल सुपर. पालाश अहवाल बघून. लहान कलमाला वयाप्रमाणे, दरवर्षी याचा दहावा हिस्सा वाढवत. पूर्ण वाढलेल्या काजूला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, १२५ ग्रॅम स्फुरद, १२५ ग्रॅम पालाश. आंबट जमिनीत काजूला सुपरऐवजी रॉक फॉस्फेटही चालतं, ते हळूहळू सुटतं. माडाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १२०० ग्रॅम पालाश, तिसरा हिस्सा जूनमध्ये आणि बाकी सप्टेंबरात. मॅग्नेशियमची लक्षणं असतील तर वर्षाला अर्धा किलो मॅग्नेशियम सल्फेट. माडाच्या बाबतीत घाई करू नका. यंदा घातलेल्या खताचा नारळ दोन-तीन वर्षांनी दिसतो.

जागा: आंब्याला पसाऱ्याच्या कडेपासून दीड-दोन फूट आत, फूटभर रुंद आणि अर्धा फूट खोल गोल चर. उतार असेल तर वरच्या बाजूला अर्धगोल पुरतो, पाणी खत खाली नेतं. माडाला बुंध्यापासून सहा फुटांच्या आळ्यात. खत टाकून लगेच मातीआड करा, आणि आभाळ भरून मुसळधार कोसळायच्या बेतात असेल तर तो दिवस जाऊ द्या. एवढ्या पावसात उघडं नत्र नाल्यापर्यंत जायला एक रात्र पुरते.